मेघमाथ्यावरची बाग

एका राज्यात देवाला विकतचं फूल चालत नसे. मागून आणलेलंही चालत नसे. विकत घेतलेल्या फुलाचं पुण्य माळ्याला जातं, मागून आणलेल्याचं मालकाला जातं आणि आपल्या वाट्याला नुसता नमस्कार उरतो, असं तिथल्या शहाण्यांचं मत होतं. म्हणून फूल आणायचं ते दुसऱ्याच्या कुंपणावरून, मालक उठायच्या आत, न विचारता. झुंजुमुंजू झालं की सगळं नगर हातात आकडी आणि परडी घेऊन बाहेर पडे. कोतवाल सराफाची जास्वंद ओरबाडे, सराफ न्यायाधीशाचा मोगरा खुडे, न्यायाधीश कोतवालाच्या अंगणातली तगर हलकी करी, आणि वाटेत गाठ पडली की तिघेही परडीवर उपरणं ओढून हवापाण्याचं बोलत. चोरी असं कुणी म्हणत नसे. देवाचं म्हणत. आणि साऱ्या नगरात सर्वांत मोठी परडी राजवाड्यातली, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या राज्याच्या उत्तरेला मेघमाथा नावाचा पर्वत होता आणि पर्वताच्या माथ्यावर एक बाग होती. ढग चढताना पांढरे असत आणि बागेवरून उतरताना गुलाबी होऊन येत. बागेत एक धबधबा होता, तो खालून वर जाई. एक तळं होतं, त्यात पाण्याऐवजी ऊन साठलेलं असे. माणसं त्यात पाय सोडून बसत आणि पावलं शेकून घेत. पश्चिमेच्या टोकाला एक कडा होता, तिथे पोचायला कुणाला उशीर झाला तर सूर्य त्याच्यासाठी पुन्हा वर येऊन नीट मावळून दाखवी. फुलांचं तर विचारूच नये. फुलपाखरं तिथे येत आणि लाजून परत जात.

परदेशचे व्यापारी वर जात, बघत, उतरत आणि नगराच्या चौकात वर्णनं करत. मात्र त्या राज्याचा माणूस वर गेला की परत येत नसे. याचा कुणाला तरी घोर लागायला हवा होता. लागला नाही. गेलेला येत नाही म्हणजे वर केवढी मौज असेल, असं लोक म्हणत आणि दशम्या बांधून घेत. कुणाचा नवरा वर राहिला की बायको त्याला शोधायला जाई, बायको राहिली की तिचा भाऊ तिला आणायला जाई, असं करता करता आळ्याच्या आळ्या वर गेल्या. पायथ्याशी डोलीवाले बसत, कणसं भाजणाऱ्या बायका बसत, घोड्यांचे लगाम धरून माणसं गिऱ्हाइकाची वाट बघत. ते सगळे पलीकडच्या मुलखातले. माणसं चढवायची भाडी मिळत, उतरवायची मिळत नसत, म्हणून चढणीची भाडी त्यांनी दुप्पट केली होती. बाग दर मोसमाला अधिक दाट होत होती.

राज्याचा राजा वारला होता. मागे राणी हेमांगी आणि तिची दोन मुलं, थोरला रत्नांगद आणि धाकटी चारुमती. रत्नांगद देखणा होता, आणि ही गोष्ट त्याला इतरांच्या आधी कळलेली होती. राज्याभिषेकाचा मुहूर्त ठरला तेव्हा एकदा गादीवर बसलं की उठणं नाही, असं म्हणून तो मेघमाथ्यावर सहलीला निघाला. राणीने त्याच्या हातावर दही घातलं आणि म्हणाली, "येताना माझ्या देवाला तिथलं एखादं फूल आण."

तो आला नाही.

सिंहासन रिकामं राहिलं. राजा नाही म्हणून निवाडे थांबले, निवाडे थांबले म्हणून भांडणं वाढली, आणि प्रधान, जो आजवर कधी कुणाशी मोठ्याने बोलला नव्हता, तो पालखीतून फिरू लागला. राणी खिडकीत बसून राही. चारुमती घास भरवी, आई गिळे. चारुमती केस विंचरी, आई विंचरू देई. एकदा चारुमती नवा शालू नेसून, अंगावर सगळे दागिने घालून आईच्या पुढ्यात उभी राहिली. आई तिच्याकडे बघून म्हणाली, "जरा बाजूला हो बाळ. डोंगर दिसत नाही."

त्या एका वाक्यावर चारुमती पर्वत चढायला निघाली. दादा परत आला की आई डोंगराकडून वळेल, आणि वळली की तिच्या समोर आपण असू. एवढंच तिला हवं होतं.

बागेला दार होतं आणि दारावर एक साळुंकी बसलेली होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती माणसासारख्या आवाजात सांगे, "फुलं तोडू नयेत." ते ऐकून प्रत्येक जण मागच्याकडे वळून म्हणे, ऐकलंस ना रे, आणि आत जाई. चारुमतीच्या मागे कुणी नव्हतं. तिने मान वर केली आणि साळुंकीलाच विचारलं, कधीपासून बसली आहेस बाई इथे, घसा दुखत नाही का.

साळुंकी दचकली. तिची विचारपूस आजवर कुणी केली नव्हती.

"विचार काय ते," साळुंकी म्हणाली.

"माझा भाऊ आला होता. कुठे आहे?"

"मातीत."

चारुमतीने दाराचा खांब धरला.

"घाबरू नकोस. फुललेला आहे."

मग साळुंकीने तिला सगळं सांगितलं. पूर्वी या माथ्यावर बाग नव्हती, नुसता कातळ होता. तिथे धूम्रकेश नावाचा मायावी राही, त्याची मुलगी तारका त्याच्याबरोबर असे. मुलीचं आयुष्य थोडं होतं. म्हणून बापाने आपली विद्या पणाला लावून तिचे प्राण एका जाईच्या वेलात गुंफून ठेवले. वेल फुलत राहील तोवर मुलगी हसतखेळत राहील. पुढे कुठल्याशा सणाच्या पहाटे नगरातले लोक हवा खायला वर आले, त्यांना वेल दिसला, आणि देवाचं म्हणत म्हणत त्यांनी फुलं नेली, कळ्या नेल्या, काहींनी घरी लावायला फांद्याही नेल्या. ऊन चढलं तेव्हा सागरगोटे खेळणारी तारका खाली बसली ती उठली नाही. धूम्रकेश वाटेवर जाऊन एकेकाला विचारू लागला, माझा वेल कुणी नेला. सगळ्यांनी परड्या झाकल्या आणि आज हवा काय सुरेख आहे, असं सांगितलं.

"तो रडला नाही," साळुंकी म्हणाली. "त्याने बाग लावली. तुमच्या राज्याच्या माणसाने इथलं फूल परवानगीवाचून तोडलं की तो जागच्या जागी रुजतो. तू ज्याला शोभा म्हणतेस ती सगळी तुमचीच माणसं आहेत."

चारुमतीने बागेकडे पाहिलं. वारा नव्हता, तरी फांद्या हलत होत्या.

धूम्रकेश बागेच्या मधोमध एका वाळलेल्या मांडवाखाली बसून हाताने तण उपटत होता. अंगाने किडकिडीत, केस धुरासारखे, बाकी कुठल्याही म्हाताऱ्यासारखा म्हातारा. चारुमतीने भाऊ परत मागितला.

"मी नेलेला नाही," धूम्रकेश म्हणाला. "त्याने घेतलं, म्हणून तो राहिला."

"शाप उतरतो कसा?"

"तीन गोष्टींनी. पहिल्या दोन तुला जमतील. तिसरी तुमच्या राज्यात कुणाला जमायची नाही."

पहिली गोष्ट अशी, की सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत बागेत हिंडायचं आणि काहीही न घेता बाहेर पडायचं. ऐकायला सोपं. पण चारुमती ज्या घरात वाढली होती तिथे मुलीला चालायच्या आधी खुडता येई. अनंताचं फूल गालाला लागे, आणि तिची बोटं आपोआप देठाशी जात. मग ती दोन्ही हात पाठीमागे बांधून चाले. मोगरा पायांशी येऊन वास देऊ लागला तेव्हा तिने श्वास रोखून धरला. दुपारी ती उन्हाच्या तळ्याकाठी स्वतःच्या हातांवर बसून राहिली. सूर्य मावळला. त्या संध्याकाळी उशिरा आलेलं कुणी नव्हतं, म्हणून तो एकदाच मावळला. ती दाराशी आली आणि आता सुटले म्हणून हात मोकळे केले.

"थांब," साळुंकी म्हणाली. "अंबाड्यात बघ."

अंबाड्यात गुलाबाची एक पाकळी अडकलेली होती. तिने तोडली नव्हती, तिला कळलंही नव्हतं. पण तिच्या करंगळीच्या नखाखालून एवढासा पोपटी कोंभ बाहेर डोकावत होता. चारुमती ओरडली नाही. ती पाकळी तळहातावर घेऊन परत वर गेली, सगळ्या गुलाबांपाशी एकेक करून थांबली, आणि ज्याच्यापाशी कोंभ दुखायचा थांबला त्याच्या मुळाशी पाकळी ठेवली. तेव्हा कोंभ गळून पडला आणि ती बाहेर आली.

दुसरी गोष्ट, एवढ्या झाडांतून आपला भाऊ ओळखायचा. भलत्या झाडाला हात लावला तर त्याच्या शेजारी हिची जागा.

तिने हाका मारल्या. सगळीच झाडं सळसळली, कारण तिथे प्रत्येक जण कुणाच्या ना कुणाच्या हाकेची वाट बघत होता. मग तिने निराळा विचार केला. रत्नांगदाला तिच्याइतकं कोण ओळखणार. लहानपणी पाहुण्यांनी तिच्या केसांचं कौतुक केलं की तो जेवणावरून उठून जाई. ती सावकाश बागेतून हिंडू लागली आणि समोर येईल त्या झाडाला तोंडभरून वाखाणू लागली. एका साध्या कोरांटीपाशी ती थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "अशी शोभा मी सबंध बागेत पाहिली नाही." तोच तिच्या मागे काहीतरी भराभर गळलं. पिवळेधमक झुंबर लेऊन उभ्या असलेल्या एका बहाव्याने रुसून अर्धा फुलोरा खाली टाकला होता.

चारुमतीने त्याच्या खोडावर हात ठेवला. "दादा," ती म्हणाली, "तू अजून तसाच आहेस."

धूम्रकेशने मान डोलावली. मग त्याने तिसरी गोष्ट सांगितली.

"तुमच्या राज्यातलं असं एक माणूस आण, ज्याला इथलं फूल मनापासून हवं आहे. तू चालणार नाहीस. तू भावासाठी आलीस, फुलासाठी नाही. त्या माणसाने माझ्यापाशी फूल मागावं. मी नाही म्हणेन. आणि त्याने रिकाम्या हाताने परत जावं. असं का, ते त्याला ठाऊक नसावं. तू त्याच्याबरोबर दारातून आत आलीस की तुझं तोंड बंद. एक शब्द काढलास, नुसती खूण केलीस, तर तुझा भाऊ कायमचं लाकूड."

चारुमतीला वाटलं, एवढ्या मोठ्या राज्यात असा एक तरी निघेल.

ती आधी राजपुरोहित वेदभूषणांकडे गेली. माणूस सोवळ्याचा, शब्दाचा पक्का. फूल मागून बघा एवढीच विनंती तिने केली. त्यांनी वर येऊन सुस्वर श्लोकात फूल मागितलं. धूम्रकेश नाही म्हणाला. पुरोहित प्रसन्नपणे हसले, हात मागे बांधले आणि आलोच आहोत तर नुसता वास घेतो म्हणाले. त्यांनी वाकून कण्हेरीचा वास घेतला. वर आले तेव्हा फूल ओठांत होतं. ते आपसूक आलं, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण तोवर तोंडाची पानं झाली होती.

मग ती सेनापती खड्गरावांकडे गेली. हे गृहस्थ फुलं मनापासून मागणारे, कारण त्यांना नवी बायको होती. त्यांनी मागितलं, नाही हा शब्द ऐकला, आणि त्यांच्या मिशा थरथरल्या. नाही म्हणणारा हा कोण, असं म्हणत त्यांनी सबंध फांदीच मोडून घेतली. त्या जागी आता एक निवडुंग उभा होता आणि त्याला लाल फूल आलं होतं. दोन्ही वेळा चारुमती शेजारी उभी होती, ओठ मिटून.

ती एकटी उतरून येई तेव्हा नगरातले लोक तिच्याकडे बघत. हिच्याबरोबर गेला तो आला नाही, अशी कुजबुज सुरू झाली. पुरोहिताच्या बायकोने तिला पाहून दार लावून घेतलं. सेनापतीच्या नव्या बायकोने तर तिच्या तोंडावरच सांगितलं, की भाऊ गेला म्हणून दुसऱ्यांची माणसं घालवायला निघाली आहे ही. प्रधानाने तिच्याबरोबर कुणी वर जाऊ नये अशी दवंडी पिटवली. आता येण्यासारखं माणूस एकच उरलं होतं.

चारुमती ते टाळत होती. तिच्या आईइतकं मनापासून फूल हवं असणारं राज्यात कुणी नव्हतं, आणि आईइतका खुडायला सरावलेला हातही कुणाचा नव्हता. आईने हात घातला, तर भाऊ गेलेलाच होता, आईही जाणार होती. आणि ते आपण शेजारी उभं राहून बघायचं होतं.

शेवटी एका सकाळी ती खिडकीपाशी गेली. "आई, दादा वर आहे."

"जिवंत?"

"जिवंत. पण आता तो झाड आहे."

"कशाचं?"

"बहाव्याचं."

"शोभत असेल," राणी म्हणाली, आणि जोडे न घालता उठली.

डोलीत बसायला तिने नकार दिला. सबंध चढ ती चारुमतीचा हात धरून चढली. इतक्या दिवसांनी तिने मुलीचा हात धरला होता. ती विचारत होती, त्याला पाणी कोण घालतं, ऊन फार लागत नाही ना, माकडं त्रास देतात का. मधेच थांबून तिने चारुमतीच्या कपाळावरचा घाम आपल्या पदराने टिपला आणि म्हणाली, "किती वाळलीस गं तू. मी बघितलंच नाही." चारुमतीला वाटलं, हा चढ संपू नये.

दार आलं. फुलं तोडू नयेत, असं साळुंकीने सांगितलं. राणीने ऐकलं की नाही कोण जाणे. चारुमतीने ओठ मिटले आणि आत पाऊल टाकलं.

बहावा दाखवावा लागला नाही. राणी सरळ त्याच्याकडे गेली आणि खोडाला मिठी मारून उभी राहिली. झाड नखशिखान्त हललं. ती त्याच्याशी बरंच काही बोलली, सिंहासन रिकामं आहे ते, त्याची घोडी व्याली ते. मग डोळे पुसून धूम्रकेशापुढे आली. त्या राज्यातल्या राणीने आजवर कुणापुढे पदर पसरला नव्हता. तिने पसरला.

"एक फूल द्या."

"नाही."

"एक पाकळी द्या. उशाशी ठेवीन."

"नाही."

"खाली पडलेलं?"

"तेही नाही."

राणी चारुमतीकडे वळली. "चारू, तू सांग ना यांना. तुझी ओळख आहे इथे."

चारुमती गप्प उभी राहिली.

"अगं, एक शब्द टाक. तुझ्या सख्ख्या भावाचं फूल मागते आहे मी, परक्याचं नाही."

चारुमतीने ओठ दातांखाली धरला. रक्त आलं ते तिने गिळलं. मान हलवली तर खूण होईल, डोळ्यांत पाणी आलं तर तीही खूण होईल, म्हणून ती समोरच्या कातळाकडे बघत राहिली. राणी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला तिथे कोरडे डोळे आणि मिटलेलं तोंड दिसलं. मग राणीच्या मनात जे आलं ते येऊ नये असं होतं; पण आलं.

"कळलं मला," ती हळू म्हणाली. "तो गेला तर तुझं बरंच आहे. एकटी उरशील तू माझ्यापाशी."

चारुमती कातळाकडे बघत राहिली.

राणी परत बहाव्याकडे गेली. तिने हात वर केला. नेमका, सराईत हात. दोन बोटं देठाच्या खाली, अंगठा वर. साळुंकीने सवयीने चोच उघडली आणि मिटली. धूम्रकेश तण उपटायचा थांबला. राणीची बोटं देठाला लागली तशी फांदी आत ओढल्यासारखी शहारली.

राणीचा हात तिथेच थांबला. फुलापासून चिमूटभर अंतरावर तो कितीतरी वेळ नुसता उभा होता.

"दुखेल याला," ती म्हणाली.

मग तिने हात खाली घेतला आणि लुगड्याला पुसला, जणू ओला होता. "मीच मागवलं होतं फूल," ती झाडाला म्हणाली. "माझ्याच देवाला." तिने खोडावरून एक मुंगळा काढून टाकला, थंडीत जपून राहा म्हणाली, आणि वाटेला लागली. चारुमतीसाठी ती थांबली नाही. तिच्याकडे तिने पाहिलंही नाही.

दोन्ही हात रिकामे असे घेऊन राणी हेमांगी दाराबाहेर पडली आणि शाप उतरला.

"एवढंच," धूम्रकेश म्हणाला. "त्या पहाटे एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं." तो वाळलेल्या मांडवाखाली आडवा झाला. त्याचे केस धूर होऊन वर गेले, मग हात गेले, मग सगळा तो गेला. साळुंकीने त्याला शेवटपर्यंत पाहिलं आणि दार सोडून उडाली.

बागेत एकच गलका उठला. मुळं पाय झाली, फांद्या हात झाल्या. धबधबा एकदम खाली पडला आणि भिजलेली माणसं ओरडत पळाली. तळ्यातलं ऊन सांडून उतारावरून ओघळत गेलं. एकमेकांना शोधायला आलेली नवराबायको इतका काळ शेजारी शेजारी उभी होती असं निघालं, आणि आधी कोण निघून आलं यावर त्यांचं तिथेच जुंपलं. पुरोहित तोंडातली पाकळी थुंकून श्लोक पुरा करू लागले. फुलं मात्र एकही उरली नाहीत. सगळीकडे काळा कातळ आणि वारा.

रत्नांगद केसांतला पिवळा कचरा झटकत उभा होता. त्याने चारुमतीला ओळखलं आणि विचारलं, "आई कुठे आहे?"

"खाली," चारुमती म्हणाली. हा तिचा पहिला शब्द.

पायथ्याशी कणसं भाजणारीच्या चुलीपाशी राणी बसली होती. वरून माणसांचा लोंढा येताना पाहून ती उठली, आणि लोंढ्यात सर्वांत पुढे तिला मुलगा दिसला. तिने त्याला पोटाशी धरलं ते सोडेना. नगरातली माणसं त्या दोघांभोवती गोळा झाली, जयजयकार झाला, कुणीतरी पालखी आणली. पालखीत प्रधान बसलेला होता, त्याला उतरवलं.

चारुमतीने सगळं सांगितलं. मला बोलायची बंदी होती, बोलले असते तर दादा लाकूड झाला असता, हे तिने आईला सांगितलं, दादाला सांगितलं, भर दरबारात सांगितलं. साळुंकी येऊन साक्ष देऊन गेली. राणीने सगळं ऐकून घेतलं. "शहाणी आहे माझी लेक," ती म्हणाली. "तिच्यामुळेच झालं सगळं." ते तिने मनापासून म्हटलं होतं.

रत्नांगद सिंहासनावर बसला. निवाडे सुरू झाले, भांडणं मिटली, हरवलेली माणसं आपापल्या घरी गेली. काही घरांत त्यांच्या जागी दुसरी माणसं होती, तेही हळूहळू मिटलं. पायथ्याचे डोलीवाले आणि कणीसवाल्या आपल्या मुलखात परत गेल्या. नगरातले लोक संध्याकाळी चौकात बसून म्हणत, पूर्वी आपल्या राज्यात बघण्यासारखं काहीतरी होतं, राजकन्येने घालवलं. इकडे गाईंनी दूध दिलं, शेतं पिकली, राणी तिन्ही वेळा जेवू लागली. अशा कहाण्या इथे थांबवायची रीत आहे, आणि ऐकणाऱ्यांपैकी ज्यांना घरी जायची घाई असेल त्यांनी इथेच उठावं.

राणीने चारुमतीला काही कमी केलं नाही. सणाला लुगडी, हाताला पाटल्या, पानात आधी तिला आवडेल ते. बोलणं गोड. कुणी लेकीबद्दल वाकडं बोललं तर राणी त्याला दरबारातून उठवी. आई आता खिडकीत बसत नसे. ती चारुमतीच्या समोरच असे.

त्या थंडीत चारुमती आजारी पडली. अंग भाजत होतं, डोळे मिटलेले होते. राणीला कळलं तशी ती कामं टाकून धावत आली, मंचकाच्या कडेला बसली आणि मुलीच्या कपाळाला लावायला तिने हात पुढे केला. चारुमतीला हाताची ऊब जवळ आल्याची कळली. तिने डोळे उघडले नाहीत, ती वाट बघत राहिली.

हात कपाळापासून चिमूटभर अंतरावर थांबला. तिथे तो थोडा वेळ होता. मग राणीने तो मागे घेतला, लुगड्याला पुसला आणि उशाशी उभ्या असलेल्या दासीला म्हणाली,

"बघ गं जरा हिच्या अंगाला हात लावून. ताप आहे का?"

दासीने हात लावला. ताप होता.